प्रारणजन्य कर्करोगाची आनुवंशिक प्रवणता

प्रारणजन्य कर्करोगाची आनुवंशिक प्रवणता : क्ष-किरण, गॅमा किरण, किरणोत्सर्गी द्रव्यांतून बाहेर पडणारे कण इ. आयनीकारक प्रारणांमुळे कर्करोग उद्‍भवू शकतो. तथापि सारखीच मात्रा मिळालेल्या सर्व व्यक्तींना तो होण्याची शक्यता सारखी नसते. मात्रा, वय, लिंग आणि प्रारण पडलेला अवयव यांवर ही शक्यता अवलंबून असतेच. शिवाय काही व्यक्तींत ती आईवडिलांकडून आलेल्या सदोष जीनामुळे (आनुवंशिक घटकामुळे) वाढलेली असते. या वाढलेल्या शक्यतेला प्रारणजन्य कर्करोगाची आनुवंशिक प्रवणता म्हणतात. प्रारणाचे आनुवंशिक परिणाम हा याहून वेगळा विषय आहे. त्यात प्रारणामुळे जननकोशिकांत (जननपेशींत) झालेले बदल संततीत उतरतात की काय, याचा विचार केला जातो. येथे मात्र प्रारण मिळण्यापूर्वीच व्यक्तीत असलेल्या दोषाचा विचार अभिप्रेत आहे.

या विषयाचा इतिहास प्रयोगशाळेपेक्षा रुग्णालयांत अधिक घडला. कर्करोग बरा करण्यासाठी ज्या मुलांना प्रारण दिले गेले, त्यांच्यापैकी काहींना पुढे त्या उपचारामुळेच दुसरा कर्करोग झाला, किंवा उपचार त्यांच्या प्राणावर बेतला. अशी मुले कोणत्या कुटुंबांतील होती, हे पाहताना प्रवणतेची कल्पना आकारास आली.

प्रारंभीचा काळ : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही महिन्यांतच या किरणांनी त्वचा भाजते, केस गळतात असे अनुभव नोंदले गेले. १९०२ मध्ये जर्मनीत क्ष-किरण नलिकांवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या हातावरील त्वचेच्या कर्करोगाची नोंद झाली. प्रारणजन्य कर्करोगाची ही पहिली नोंद समजली जाते. टॉमस एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हे १९०४ मध्ये अशाच कारणाने मरण पावले. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावणाऱ्या अमेरिकेतील स्त्री-कामगारांना हाडांचे कर्करोग होत असल्याचे १९२० नंतरच्या दशकात दिसून आले. ब्रश ओठांनी टोकदार करण्याच्या पद्धतीमुळे रेडियम त्यांच्या पोटात जात असे.

या सर्व घटनांचा अर्थ त्या काळी मात्रेच्या भाषेत लावला गेला. ज्याला अधिक प्रारण मिळाले त्याला अधिक धोका, असे हे सरळ समीकरण होते. एकाच कामावरील दोघांपैकी एकाला रोग व्हावा आणि दुसरा निरोगी राहावा, याचे कारण निष्काळजीपणात किंवा योगायोगात शोधले जाई. हेर्मान मलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवरील प्रयोगांनी क्ष-किरणांमुळे जीनांत उत्परिवर्तने (आकस्मिक व टिकून राहणारे बदल) होतात हे सिद्ध केले. तेओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच कर्करोगाचे मूळ गुणसूत्रांतील बिघाडात असावे असे प्रतिपादन केले होते. हे दोन धागे जुळवले असता प्रारणाने जीन बिघडतो व बिघडलेल्या जीनातून कर्करोग उद्‍भवतो, एवढे स्पष्ट होत होते. परंतु एखाद्या व्यक्तीत जीन जन्मतःच बिघडलेला असेल तर काय होईल, हा प्रश्न बराच काळ विचारला गेला नाही.

सरासरीचे युग : ऑगस्ट १९४५ मध्ये हीरोशीमा व नागासाकी या जपानी शहरांवर अणुबाँब टाकले गेले. त्यांतून वाचलेल्या लोकांच्या पाहणीसाठी १९४७ मध्ये अणुबाँब हानी आयोग काम करू लागला. १९७५ मध्ये त्याची जागा जपान व अमेरिका यांच्या संयुक्त प्रारण परिणाम संशोधन प्रतिष्ठानाने घेतली. सु. १,२०,००० व्यक्तींचा या पाहणीत समावेश आहे. रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण प्रथम वाढले. स्तन, फुप्फुस, जठर, अवटू ग्रंथी इ. अवयवांच्या कर्करोगांची वाढ त्यानंतर अनेक वर्षांनी दिसू लागली. प्रारणापासून संरक्षणाचे जगातील नियम मुख्यतः या पाहणीच्या आधारे ठरविले गेले आहेत.

या पद्धतीचे बळ संख्येत आहे आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. तिच्यातून मिळणारा धोका हा समूहाचा सरासरी धोका असतो. समूहात थोड्या व्यक्ती अतिशय प्रवण असतील आणि बाकीच्या सामान्य असतील, तर त्या थोड्यांचा मोठा धोका सरासरीत विरून जातो. जपानमधील पाहणीतच याची एक खूण मिळाली. चार्ल्स लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये असे दाखविले की, लहानपणी प्रारण मिळालेल्या स्त्रियांत ३५ वर्षांच्या आत होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाची सापेक्ष वाढ ही उत्तरवयात होणाऱ्या कर्करोगाच्या वाढीपेक्षा कितीतरी अधिक होती. या स्त्रियांपैकी काहींत आनुवंशिक प्रवणता असावी, अशी शंका त्यांनी मांडली. व्यक्तिगत जीनांची माहिती हाती नसल्याने ती त्या वेळी शंकाच राहिली.

जालपटलाचे अर्बुद : प्रवणतेचा पहिला ठोस पुरावा डोळ्याच्या एका विरळ रोगाने पुरविला. रेटिनोब्लास्टोमा हे जालपटलाचे (डोळ्याच्या मागील बाजूच्या प्रकाशसंवेदी पटलाचे) मारक अर्बुद असून ते सु. १५,००० ते २०,००० जन्मांमागे एका बालकात आढळते. पूर्वी त्यावर डोळा काढून टाकणे एवढाच उपाय होता. १९०३ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यात या रोगावर प्रथम क्ष-किरणांचा उपयोग करण्यात आला आणि १९३० नंतर ही चिकित्सा रूढ झाली. दोन्ही डोळ्यांत अर्बुद असलेल्या अनेक बालकांची दृष्टी तिच्यामुळे वाचली.

काही वर्षांनी यांतील काही मुलांच्या कवटीच्या व चेहऱ्याच्या हाडांत सार्कोमा (हाडे, स्नायू इ. ऊतकांचा कर्करोग) निर्माण झाला. तो बहुधा ज्या भागावर प्रारण पडले होते तेथेच होता. प्रथम हा केवळ अधिक मात्रेचा परिणाम मानला गेला. परंतु ज्यांचे अर्बुद आनुवंशिक नव्हते, अशा मुलांना तशीच चिकित्सा मिळूनही हा प्रकार त्यांच्यात क्वचितच दिसला. आनुवंशिक रोग असलेल्यांपैकी काहींना तर पायाच्या हाडांतही सार्कोमा झाला, जेथे प्रारण पोहोचलेच नव्हते. यावरून मूळ प्रवणता जन्मजात असून प्रारण तिला प्रबळ करते, असा निष्कर्ष निघाला.

या घटनेचे स्पष्टीकरण ॲल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या ‘दोन आघात’ सिद्धांतात मिळते. ४८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास करून त्यांनी असे सुचविले की, अर्बुद होण्यासाठी एकाच कोशिकेत दोन आघात व्हावे लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्मतःच शरीरातील प्रत्येक कोशिकेत झालेला असतो, त्यामुळे एकच आघात पुरतो. सामान्य व्यक्तीत एकाच कोशिकेवर दोन्ही आघात स्वतंत्रपणे व्हावे लागतात आणि हा योग विरळ असतो. संबंधित जीन १३ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असून १९८६ मध्ये तो वेगळा करण्यात आला. कोशिकेच्या विभाजनाला आवर घालणे हे त्याचे कार्य आहे. प्रत्येक जीनाच्या दोन प्रती असतात. त्यांपैकी एक प्रत आधीच निकामी असलेल्या कोशिकेवर प्रारण पडले म्हणजे उरलेली प्रत नष्ट होण्याची शक्यता वाढते.

अमेरिकेतील १,६०४ रुग्णांच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मूळ रोगाच्या निदानानंतर ५० वर्षांत दुसरा कर्करोग होण्याचे संचित प्रमाण आनुवंशिक गटात ५१ टक्के, तर इतर गटात केवळ ५ टक्के आढळले. सार्कोमाचा धोका प्रारणाच्या मात्रेबरोबर वाढत होता. पहिल्या वाढदिवसापूर्वी प्रारण मिळालेल्या बालकांना धोका विशेष असल्याचेही इतर पाहण्यांत दिसून आले. परिणामी १९९० नंतरच्या दशकात बाहेरून प्रारण देण्याची पद्धत शक्य तेथे टाळली जाऊ लागली आणि औषधांनी अर्बुद लहान करून मग लेसर, अतिशीत उपचार इ. स्थानिक उपाय योजण्याची पद्धत पुढे आली. दृष्टी वाचविणारा एक उपचार तो ज्यांना सर्वांत घातक होता त्यांच्या बाबतीत मागे घेतला गेला, हे या विषयातील ज्ञानाचे पहिले मोठे फलित होय.

डीएनएच्या दुरुस्तीतील दोष : कोशिकेला १ ग्रे (शोषित प्रारणाचे एकक) एवढी मात्रा मिळाली म्हणजे तिच्यातील डीएनए रेणूच्या एका धाग्यात सु. १,००० आणि दोन्ही धाग्यांत मिळून सु. ४० ठिकाणी तूट पडते. एका धाग्यातील तूट दुसऱ्या धाग्याच्या नमुन्यावरून सहज भरून निघते. दुहेरी तूट मात्र चुकीची जोडली गेल्यास गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होतात किंवा गळतात. म्हणून निरोगी कोशिकेत ही तूट ओळखणारी, विभाजन थांबविणारी व दुरुस्ती घडविणारी यंत्रणा असते.

अशी यंत्रणा माणसात जन्मतः सदोष असू शकते, हे प्रथम सूर्यप्रकाशाच्या संदर्भात कळले. झिरोडर्मा पिगमेंटोझम या रोगात उन्हाच्या संपर्काने लहानपणीच त्वचेचे कर्करोग होतात. या रुग्णांच्या कोशिकांना जंबुपार किरणांनी झालेली डीएनएची हानी दुरुस्त करता येत नाही, असे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखविले. जंबुपार किरण हे आयनीकारक प्रारण नसले, तरी दुरुस्तीतील दोष व कर्करोग यांचा संबंध त्यामुळे प्रस्थापित झाला.

आयनीकारक प्रारणाच्या बाबतीत हेच काम ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेसिया या रोगाच्या अभ्यासाने केले. या रोगात बालकाचा तोल हळूहळू जातो, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात, रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते आणि लसीका ऊतकांचे व रक्ताचे कर्करोग वारंवार होतात. बेल्जियममधील दनीझ लुई-बार यांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन केले होते. एलेना बोडर व रॉबर्ट सेजविक यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याला आजचे नाव दिले. हा दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई व वडील या दोघांकडून सदोष जीन आला तरच रोग होतो. त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाहांत तो होण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत रूढ असलेल्या मामेबहिणीशी विवाहाच्या प्रथेच्या संदर्भात ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या मुलांना कर्करोग झाल्यावर नेहमीप्रमाणे प्रारण चिकित्सा दिली गेली. १९६७ व १९६८ मध्ये अमेरिकेतील वैद्यांनी अशा चिकित्सेनंतर त्वचा व खोल ऊतके यांवर झालेल्या अतितीव्र प्रतिक्रियांची नोंद केली. इतर मुलांना सहज सोसणारी मात्रा या मुलांना प्राणघातक ठरू शकत होती. मॅल्कम टेलर, डेव्हिड हार्नडेन, कॉलिन आर्लेट, ॲलन लीमन, ब्रायन ब्रिजेस व इतर ब्रिटिश संशोधकांनी १९७५ मध्ये रुग्णांच्या त्वचेतील कोशिका प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर प्रारणाचा मारा केला, तेव्हा त्या निरोगी कोशिकांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत मेल्या. दोष शरीराच्या दुर्बलतेत नसून प्रत्येक कोशिकेत आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. १९८८ मध्ये हा जीन ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९५ मध्ये तेल आवीव्ह येथील योसेफ शिलोह व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेगळा केला. एटीएम या नावाने ओळखला जाणारा हा जीन जे प्रथिन तयार करतो, ते दुहेरी तूट पडताच जागे होते व विभाजन थांबविण्याचा आणि दुरुस्तीचा आदेश देते.

संवेदनशीलता व प्रवणता यांतील फरक : वरील दोन रोगांची तुलना केली असता एक महत्त्वाची गोष्ट दिसते. ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेसियामध्ये कोशिका प्रारणाने सहज मरतात. रेटिनोब्लास्टोमाच्या आनुवंशिक प्रकारात मात्र उपचारांच्या वेळी अशी तीव्र प्रतिक्रिया दिसत नाही. धोका प्रकट होतो तो अनेक वर्षांनी, कर्करोगाच्या रूपाने. म्हणजे प्रारणाने ऊतकांची हानी होण्याची संवेदनशीलता आणि प्रारणाने कर्करोग होण्याची प्रवणता या गोष्टी एकच नव्हेत. एखाद्याच्या त्वचेवर उपचारांची तीव्र प्रतिक्रिया उमटली म्हणून त्याला पुढे कर्करोग होईल असे म्हणता येत नाही आणि प्रतिक्रिया सौम्य होती म्हणून तो निर्धास्तही राहू शकत नाही.

रॉबर्ट गॉर्लिन व रॉबर्ट गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णन केलेला रोगसमूह दुसऱ्या प्रकारात मोडतो. या रोगसमूहातील काही बालकांना निमस्तिष्कात (लहान मेंदूत) मेड्युलोब्लास्टोमा हे अर्बुद होते आणि त्यासाठी डोके व पाठीचा कणा यांवर प्रारण दिले जाते. त्यानंतर थोड्याच वर्षांत, कधी काही महिन्यांतच, प्रारण पडलेल्या त्वचेवर तळकोशिकांचे असंख्य कर्करोग उगवतात. एरवी प्रारणजन्य घन अर्बुदांना दहा किंवा अधिक वर्षे लागतात. १९९६ मध्ये या रोगाचा जीन सापडला. तोच जीन एका प्रतीत निकामी असलेल्या नवजात उंदरांना क्ष-किरण दिले असता त्यांच्यात निमस्तिष्काची अर्बुदे मोठ्या प्रमाणावर होतात, असे इटलीतील संशोधकांना २००२ मध्ये आढळले. जीन, वय व ऊतक या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय प्रवणता पूर्णपणे प्रकट होत नाही, हे या प्रयोगांतून दिसते. पी-५३ या प्रथिनाचा जीन जन्मतः सदोष असलेल्या कुटुंबांतही (ली-फ्राउमेनी रोगसमूह) प्रारणानंतर दुसरे कर्करोग होण्याची भीती असते.

वाहकांचा प्रश्न : वर सांगितलेले रोग फार विरळ आहेत. त्यांपेक्षा अधिक लोकांना भिडणारा प्रश्न अप्रभावी दोषाच्या वाहकांचा आहे. एटीएम जीनाची एक प्रत सदोष व दुसरी चांगली असलेल्या व्यक्ती स्वतः निरोगी दिसतात आणि पाश्चात्त्य लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सु. १ टक्का असावे, असा अंदाज आहे. मायकेल स्विफ्ट यांनी १९८७ मध्ये रुग्णांच्या नातेवाईक स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले. १९९१ मध्ये १६१ कुटुंबांच्या पाहणीवरून त्यांनी पुढे असेही सुचविले की, निदानासाठी घेतलेल्या क्ष-किरणांमुळेही या स्त्रियांचा धोका वाढत असावा. स्तनाच्या नियमित क्ष-किरण तपासणीचा प्रसार होत असतानाच हे विधान आल्याने त्यावर मोठा वाद झाला. लाखो स्त्रियांना लाभदायक असलेली तपासणी काहींच्या संभाव्य धोक्यासाठी सर्वांनीच टाळावी काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

पुढील संशोधनाने यातील एक भाग पक्का केला. वाहक स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सु. दुप्पट असतो, हे आता मान्य आहे. निदानासाठी मिळणाऱ्या अल्प मात्रेबद्दलचे स्विफ्ट यांचे अनुमान मात्र तेवढे दृढ झाले नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत, एटीएम जीनात विशिष्ट विरळ बदल असलेल्या स्त्रियांना एका स्तनाच्या कर्करोगासाठी प्रारण दिल्यावर दुसऱ्या स्तनात कर्करोग होण्याची शक्यता वाढल्याचे दिसले; सर्व प्रकारच्या बदलांना हे लागू नव्हते. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जीनांच्या वाहकांत ३० वर्षे वयापूर्वी निदानासाठी मिळालेल्या प्रारणाचा संबंध वाढलेल्या धोक्याशी असल्याचे २०१२ मधील एका यूरोपीय पाहणीत आढळले. म्हणून अशा तरुण स्त्रियांची तपासणी प्रारणाऐवजी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने (एमआरआयने) करणे श्रेयस्कर मानले जाते.

सामान्य लोकसंख्येतील प्रवणता : एका जीनातील ठळक दोषाखेरीज अनेक जीनांतील लहान लहान फरकांचाही प्रवणतेत वाटा असावा, असे मानण्यास आधार मिळाला आहे. १९४८ नंतरच्या काळात इझ्राएलमध्ये डोक्यावरील नायट्यासाठी हजारो मुलांना क्ष-किरण दिले गेले होते आणि त्यांच्यापैकी काहींना पुढे मस्तिष्कावरणाची अर्बुदे झाली. ही अर्बुदे काही ठराविक कुटुंबांत एकवटलेली आहेत, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. एकाच घरातील प्रारण मिळालेल्या भावंडांपैकी अनेकांना रोग व्हावा आणि शेजारच्या तशाच कुटुंबात कोणालाही होऊ नये, याचे स्पष्टीकरण केवळ मात्रेने होत नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी झालेल्या चेर्नोबिल येथील अणुभट्टीच्या अपघातानंतर किरणोत्सर्गी आयोडिनामुळे बेलारूस, युक्रेन व रशिया यांतील अनेक मुलांना अवटू ग्रंथीचा कर्करोग झाला. त्यांच्यातील काही जीनभेदांचा रोगाशी संबंध असल्याचे २०१० मध्ये आढळले. परंतु हेच भेद प्रारण न मिळालेल्या रुग्णांतही अवटूच्या कर्करोगाशी निगडित आहेत. त्यामुळे ते प्रारणाची प्रवणता दर्शवितात की केवळ त्या कर्करोगाची, हे सांगणे कठीण जाते. लहानपणी हॉजकिन रोगासाठी प्रारण घेतलेल्या व्यक्तींच्या २०११ मधील अभ्यासात मात्र ६ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील काही भेद प्रारणोत्तर दुसऱ्या कर्करोगाशी संबद्ध आढळले.

संरक्षण व नैतिक प्रश्न : आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने १९९८ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. ठळक दोष असलेल्या व्यक्ती लोकसंख्येत इतक्या थोड्या आहेत की, त्यांच्यामुळे समूहाच्या धोक्याचे अंदाज फारसे बदलत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. समूहापुरता हा निष्कर्ष योग्य असला, तरी त्या थोड्या व्यक्तींच्या दृष्टीने तो पुरेसा नाही. अणुकेंद्रे, खाणी, रुग्णालये इ. ठिकाणी काम करणाऱ्यांची जीन-परीक्षा करून प्रवण व्यक्तींना वगळावे, असा विचार यातून सहज पुढे येतो. परंतु अशा परीक्षेने कामाची जागा सुरक्षित होत नाही, फक्त कामगार बदलतो. शिवाय एकाच्या परीक्षेतून त्याच्या भावंडांचा व मुलांचा दोषही उघड होतो आणि नोकरी, विमा, विवाह यांत त्यांना अडचणी येऊ शकतात. कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या अल्प मात्रेने प्रवण व्यक्तीचा धोका नेमका किती वाढतो, याचे माप मिळालेले नसताना असे वगळणे न्याय्य ठरत नाही. सर्वांनाच मिळणारी मात्रा कमी ठेवणे हाच संरक्षणाचा मुख्य मार्ग आहे.

चिकित्सेत परिस्थिती वेगळी आहे. तेथे मात्रा मोठी असते, व्यक्ती ठाऊक असते आणि बहुधा पर्यायी उपचार उपलब्ध असतो. म्हणून बालकाला प्रारण देण्यापूर्वी त्याच्या कुटुंबातील कर्करोगांचा इतिहास विचारणे, वरील रोगांची लक्षणे तपासणे व संशय असल्यास जीन-परीक्षा करणे आवश्यक असते. मात्र दुसऱ्या कर्करोगाच्या भीतीने प्राण वाचविणारा उपचार नाकारणे हेही अनिष्टच होय. पहिला कर्करोग हा समोर उभा असलेला धोका असतो, तर दुसरा हा पुढील काळातील संभव असतो. प्रवण रुग्णाला प्रारण देणे अटळ असल्यास ते शक्य तेवढ्या लहान क्षेत्रावर दिले जाते व रुग्णावर पुढे आयुष्यभर लक्ष ठेवले जाते. ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेसियाच्या रुग्णांना मात्र नेहमीच्या मात्रेने प्रारण चिकित्सा देत नाहीत.